६६ अंशांचा एक तास

मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, जाडसर भरडायची, गरम पाण्यात कालवायची आणि ते मिश्रण तासभर साधारण ६६ अंश सेल्सिअसवर ठेवायचे. बिअर तयार होण्याच्या सगळ्या टप्प्यांत दिसायला सर्वांत निवांत टप्पा हाच. उकळी फुटत नाही, फेस येत नाही. झाकण उघडले तर पातळ लापशी दिसते आणि उबदार, गोडसर वास येतो. तरीही घरच्या घरी बिअर करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत सर्वाधिक खटपट केली ती याच तासासाठी. कोणी बर्फाच्या पेट्या आणल्या, कोणी पातेल्यांना रजया गुंडाळल्या, कोणी पंप आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जोडले. या टप्प्याला मॅश म्हणतात. त्याचे तापमान दोन अंश इकडेतिकडे झाले, तर तीच बार्ली, कडवटपणा देणारे तेच हॉप्स आणि तेच यीस्ट वापरूनही हाती वेगळी बिअर येते.

या विषयावरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. त्यांतले आकडे चेन्नईच्या हवेत ठेवून पाहिले, की प्रश्नाचा तोंडवळाच बदलतो. या शहरात मे महिन्यात दुपारचा पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो, रात्रीही तो २८च्या आसपास रेंगाळतो आणि ऐन डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही २१च्या आसपास असतो. अशा हवेत मॅशची ऊब टिकवणे सोपे होते, मात्र ऊब टिकवण्यासाठी केलेले परदेशी हिशेब जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मॅशनंतरचे काम तर कितीतरी अवघड होऊन बसते.

आधी कायद्याची बाजू स्पष्ट असलेली बरी. भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. तमिळनाडूत १९३७चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. महाराष्ट्रातही १९४९च्या कायद्याने तेच बजावले आहे. त्यामुळे चेन्नईच्या किंवा पुण्याच्या स्वयंपाकघरात बिअरचा मॅश लावणे हा कायदेशीर छंद नाही. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३मध्ये रद्द केला आणि अमेरिकेने १९७८मध्ये केंद्रीय कायदा बदलून वाट मोकळी केली. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी माणसांना हा छंद उघडपणे करता येतो. इथे तो परवानाधारक ब्रुअरीपुरता मर्यादित आहे. २००९मध्ये सुकेतू तळेकर, प्रतीक चतुर्वेदी आणि जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाऊफ यांनी पुण्यात सुरू केलेली डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. तिथल्या पोलादी टाक्यांत जे घडते आणि अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजमधल्या पातेल्यात जे घडते, त्याचे रसायन एकच असते.

दोन एन्झाइम, दोन स्वभाव

ते रसायन समजले, की तापमानाचा एवढा आग्रह का, हे उलगडते. बार्लीच्या दाण्यात साखर स्टार्चच्या रूपात साठवलेली असते आणि साखरेचे मद्य करणाऱ्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही. दाण्याला मोड येताना त्यात असे एन्झाइम तयार होतात किंवा मोकळे होतात, जे स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात. आन्सेल्म पायाँ आणि झाँ-फ्रांस्वा पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३मध्ये माल्टच्या अर्कातून हा घटक वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज हे नाव दिले. एन्झाइम म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच पदार्थ. उष्णतेने त्याची ताकद नष्ट होते, हेही तेव्हाच ध्यानात आले होते.

या डायास्टेजमध्ये प्रामुख्याने दोन कामकरी आहेत. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकापासून माल्टोज या साखरेचे दोन-दोन कड्यांचे तुकडे सुटे करत जातो. ही साखर यीस्ट आवडीने खाते. तो ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान जोमात असतो आणि सत्तरीजवळ काही मिनिटांत निकामी होतो. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडतो. त्याचा जोर सत्तरीच्या आसपास असतो आणि तो बराच चिवट असतो. त्याने केलेले काही तुकडे यीस्टला पचत नाहीत. ते बिअरमध्ये राहतात आणि तिला अंग देतात. मॅश ६३-६४ अंशांवर ठेवला तर साखर जास्त, बिअर कोरडी आणि चढायला थोडी जास्त. ६९वर ठेवला तर बिअर भरदार आणि मद्यांश कमी. ६६ हा दोघांना काम देणारा मधला आकडा, म्हणून पाककृतींत तोच पुन्हा पुन्हा दिसतो.

या एन्झाइमचे काम डोळ्यांनी पाहायला बिअर लागत नाही. नाचणीच्या पिठाची घट्ट लापशी शिजवावी, इतकी घट्ट की पळी उभी राहील. ती ७०च्या आसपास निवली, की मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ तिच्यात मिसळावे आणि ढवळत राहावे. पहिल्या मिनिटाला काहीच वाटत नाही. मग पळीला होणारा अडथळा कमी होतो, कडेची घट्ट वळी सैल पडतात आणि थोड्याच वेळात लापशी पळीवरून धारेने खाली उतरू लागते. वरून पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. तेच पीठ उकळत्या लापशीत टाकले तर काम अर्धवटच राहते, कारण कामकरी आधीच गारद होतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याच गुणाचा उपयोग लहान मुलांच्या आहारासाठी केला. मोडाच्या धान्याचे थोडे पीठ घातले की घट्ट, पौष्टिक लापशी बाळाला गिळता येईल इतकी पातळ होते, आणि पाणी घालून पोषण पातळ करावे लागत नाही. चेन्नईच्या घराघरांत पोहोचलेले हॉर्लिक्ससुद्धा माल्ट आणि गव्हाच्या मॅशमधूनच जन्मते. त्यातला गोड अर्क यीस्टच्या हवाली न करता दुधासह आटवला जातो, एवढाच फरक.

थर्मामीटर येण्याआधी

एन्झाइमचे नावही कोणाला माहीत नव्हते, तेव्हाही लोक शेकडो वर्षे बिअर करत होते. त्यांनी तापमान राखले ते दोन स्थिर खुणांच्या आधारे. एक खूण उकळत्या पाण्याची आणि दुसरी विहिरीच्या थंड पाण्याची. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळली की मधले तापमान दर वेळी जवळपास तेच येते. इंग्लंडमध्ये आणखी एक रीत होती. उकळलेल्या पाण्यावरची दाट वाफ ओसरून पाण्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला, की माल्ट टाकायचा.

जर्मनी आणि बोहेमियातली पद्धत याहून हुशार होती. तिला डिकॉक्शन म्हणतात. मॅशचा साधारण एक तृतीयांश घट्ट भाग काढून घ्यायचा, वेगळ्या भांड्यात उकळायचा आणि परत मूळ मिश्रणात ओतायचा. दोन भाग ५० अंशांवर असतील आणि एक भाग १००वर, तर सरासरी ६६.७ येते. थर्मामीटर नसताना नेमक्या हव्या त्या जागी पोहोचवणारे हे गणित कित्येक पिढ्यांच्या अनुभवातून बसवले गेले. उकळायला घट्ट भाग घेण्यामागेही कारण आहे. एन्झाइम मुख्यतः पातळ भागात विरघळलेले असतात आणि तो भाग उकळीपासून वाचतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर मायकेल कॉम्ब्रून या लंडनच्या ब्रुअरने थर्मामीटरच्या आधारे बिअर करण्याविषयी लिहिले. १७६२मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला. जुन्या ब्रुअरना हे उपकरण पोरखेळ वाटे. जेम्स बेव्हरस्टॉक या तरुण ब्रुअरला ते वडिलांच्या नजरेआड वापरावे लागले, अशी नोंद आहे. पण आकडा हाती आला आणि ६६ व ६८ यांत फरक करणे पहिल्यांदाच शक्य झाले. मॅशचे तापमान स्थिर ठेवण्याचा प्रश्न आजच्या अर्थाने इथून सुरू होतो.

ऊब जाते कुठे

घरगुती मॅश थंड का होतो, याची उत्तरे पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकात आहेत. पाच किलो माल्ट आणि पंधरा लिटर पाणी घेतले, तर ते मिश्रण एक अंश निवण्यासाठी सुमारे ७० किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. उघड्या अंगाच्या पोलादी पातेल्यातून खोलीत शंभर-दीडशे वॅटच्या घरात उष्णता जाते, म्हणजे तासाला पाच ते सात अंश. तेच पातेले नीट गुंडाळले, तर गळती वीस वॅटपर्यंत खाली येते आणि तासात जेमतेम एक अंश उतरतो.

उष्णता जाण्याचा वेग मॅश आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. लंडनच्या १८ अंशांच्या खोलीत हा फरक ४८ अंश आहे, चेन्नईच्या ३० अंशांच्या खोलीत ३६. म्हणजे त्याच भांड्यातून चेन्नईत पाव हिश्शाने कमी उष्णता गळते, काहीही न करता. मात्र चेन्नईच्या घरात एक गोष्ट या फायद्याचा काही भाग खाऊन टाकते, ती म्हणजे डोक्यावरचा पंखा. वाहती हवा भांड्याच्या अंगावरची उबदार हवा सतत पळवते. तासाभरापुरता पंखा बंद ठेवणे किंवा भांडे आडोशाला ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

दुसरी चोरवाट झाकणाची. पाण्याची वाफ होताना प्रचंड उष्णता लागते. फक्त शंभर ग्रॅम पाणी उडून गेले, तर वर सांगितलेला मॅश सुमारे तीन अंशांनी खाली येतो. दर पाच मिनिटांनी झाकण काढून थर्मामीटर बुडवणारा माणूस काळजीपोटीच तापमान पाडत असतो.

तिसरे कारण आकार. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर आतला माल आठपट होतो आणि बाहेरचा पृष्ठभाग चौपटच होतो. हजारो लिटरची टाकी म्हणूनच स्वतःच्या वजनावर ऊब धरून ठेवते. पाच लिटरचा प्रयोग करणाऱ्याला वीस लिटरवाल्यापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते, ती याच कारणाने.

पहिल्या ओतण्याचा हिशेब

तापमान राखण्याच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पहिला क्षण. माल्टमध्ये पाणी ओतल्यावर मिश्रण कोणत्या आकड्यावर येऊन थांबते, यावर बाकी सगळे अवलंबून असते. माल्टची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे ०.४ पट असते. त्यावरून बसवलेले सूत्र सोपे आहे. हव्या असलेल्या तापमानातून माल्टचे तापमान वजा करायचे, त्याला ०.४१ने गुणायचे, दर किलो माल्टमागे जितके लिटर पाणी घेतले त्याने भागायचे आणि येणारा आकडा हव्या असलेल्या तापमानात मिळवायचा.

आता दोन शहरे शेजारी ठेवू. किलोला तीन लिटर पाणी आणि लक्ष्य ६६ अंश. थंड देशातल्या १५ अंशांच्या तळघरात ठेवलेल्या माल्टसाठी पाणी ७३ अंशांचे लागते. चेन्नईत ३० अंशांवरच्या माल्टसाठी ७१ पुरेसे होते. परदेशी पुस्तकातले ७३ चेन्नईत जसेच्या तसे वापरले, तर मॅश ६८च्या जवळ जाऊन बसतो. ज्या दोन अंशांसाठी एवढा खटाटोप, ते दोन अंश पहिल्याच मिनिटाला चुकतात, आणि नंतर भांडे कितीही चांगले गुंडाळले तरी ते चुकीच्या आकड्यावरच स्थिर राहते.

जुन्या मिश्रणाच्या रीतीलाही हाच नियम लागू आहे. चेन्नईच्या नळाला ३० अंशांचे पाणी येत असताना तीन भाग उकळते आणि दोन भाग नळाचे पाणी मिसळले, तर ७२ अंश मिळतात, आणि भांड्याने एखादा अंश घेतला की नेमके ७१ उरतात. दहा अंशांच्या पाण्यावर तेच प्रमाण फक्त ६४ देते.

भांड्याचा वाटा यात वेगळा धरावा लागतो. गार, जाड तळाचे भांडे पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक-दोन अंश गिळते. म्हणून ते आधी गरम पाण्याने खंगाळून घेतात, किंवा पाणी त्यातच तापवून मग माल्ट घालतात.

चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला झालेली बरी? इथे एन्झाइमचा स्वभाव निर्णय देतो. मॅश ६३वर राहिला, तर दोन्ही कामकरी जिवंत असतात आणि तापमान वर नेता येते. तो ७२वर गेला, तर बीटा-अमायलेज मिनिटा-मिनिटाने संपत असतो आणि नंतर थंड पाणी ओतून ६६वर आणले, तरी गेलेला परत येत नाही. जाणते ब्रुअर त्यामुळे पाणी एकदम सगळे ओतत नाहीत. थोडे मागे ठेवतात, ढवळून मोजतात आणि मग उरलेल्या पाण्याने आकडा गाठतात. वरच्या पाच किलो माल्टच्या उदाहरणातला मॅश ६३वरून ६६वर नेण्यासाठी सुमारे दीड लिटर उकळते पाणी पुरते.

राखण्याच्या पद्धती

जगभरचे घरगुती ब्रुअर आज ज्या पद्धती वापरतात, त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. एका गटात आत आलेली ऊब अडवून धरतात, दुसऱ्या गटात गेलेली ऊब भरून काढतात.

पहिल्या गटातली सर्वांत रुळलेली वस्तू म्हणजे सहलीला पेये गार ठेवायची पेटी. थंड ठेवणारी भिंत गरमही तितक्याच इमानाने राखते. अमेरिकेत अशा पेटीच्या तळाशी जाळी बसवून तिचा मॅशसाठी वापर सर्रास होतो. आधी तापवून घेतलेल्या चांगल्या पेटीत तासाला एक अंशही उतरत नाही. याच गटातली दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियातून पसरली. पातेल्यातच कापडी पिशवी लावून तिच्यात माल्ट भिजवायचा आणि शेवटी पिशवी उचलून निथळायची. तिथे पेटीऐवजी पातेलेच गुंडाळतात. थंडीत विरजणाचे भांडे गोधडीत ठेवतात, तसे. बंद केलेल्या ओव्हनच्या उरलेल्या उबेत पातेले सरकवून देण्याची रीतही युरोपात आहे.

दुसऱ्या गटात सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची पद्धत म्हणजे खाली पुन्हा आच लावणे. गॅसची ज्योत तळाला तापवते, दाट मॅशमधून ती उष्णता वर सरकायला वेळ लागतो आणि तोवर तळाशी ८० अंश, मध्यभागी ६४ अशी स्थिती येते. थर्मामीटर मध्यावर असेल तर तो ६४च सांगतो. आच बंद केल्यावरही तळाची उष्णता वर येत राहते आणि आकडा इच्छेपलीकडे चढतो. मंद आच, सतत तळापासून ढवळणे आणि लक्ष्याच्या एक अंश आधीच थांबणे, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच हा मार्ग धरावा.

पंपाच्या पद्धतीत माल्टच्या थराखालून गोड पाणी खेचतात, वाटेत तापवतात आणि वरून पुन्हा सोडतात. ते थेट विजेच्या सळईवरून नेता येते किंवा गरम पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून. दुसरा मार्ग सौम्य आहे, कारण टाकीतल्या पाण्यापेक्षा जास्त तापमान गोड पाण्याला मिळूच शकत नाही आणि एन्झाइम भाजले जाण्याची भीती कमी राहते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तापमान पाहून वीज कमी-जास्त करतो. जर्मनीच्या श्पायडेल कंपनीचा ब्राउमाइस्टर किंवा न्यूझीलंडचा ग्रेनफादर ही सगळी मांडणी एकाच भांड्यात आणतात. त्यांनाही एक मर्यादा आहे. पंप जोरात सोडला तर माल्टचा थर दाबला जातो, प्रवाह अडतो, आणि नियंत्रकाच्या पडद्यावर ६६ दिसत असताना थराच्या आत वेगळेच तापमान असते. वीज गेली की ही यंत्रे थांबतात. गुंडाळलेल्या भांड्याला विजेशी देणेघेणे नसते.

मोजमापावर विश्वास किती

इतके सगळे करून थर्मामीटरच दोन अंश चुकीचा असेल, तर मेहनत वाया जाते. तपासणी घरी होते. बारीक बर्फ आणि थोडे पाणी ढवळून घेतले की शून्य. उकळते पाणी म्हणजे १००. चेन्नई समुद्रकाठी असल्याने तिथे १०० खरोखर १०० असते. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते आणि २२०० मीटरवरच्या उटीत ९२-९३ला. पुण्यात १००ची अपेक्षा धरून थर्मामीटर दुरुस्त केला, तर ती दुरुस्तीच चूक ठरते.

मोजायचे कुठे, हाही प्रश्न आहे. मॅशमध्ये कोरड्या पिठाच्या गुठळ्या राहिल्या असतील, तर त्यांच्या आत पाणीच पोहोचलेले नसते. कडेला, मध्यावर, तळाशी अशा तीन जागी मोजून आकडे एका अंशाच्या आत आले, तर ढवळणे पुरेसे झाले म्हणायचे. त्यानंतर झाकण लावून ठेवणे उत्तम.

स्थिरतेची खरी गरज किती, यावर ब्रुअरांत मतभेद आहेत आणि त्याला आधुनिक माल्ट कारण आहे. आजचा माल्ट एन्झाइमने समृद्ध असतो. स्टार्चचे बरेचसे रूपांतर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच उरकते. आयोडीनचा थेंब टाकून पाहिले तर स्टार्चची खूण असलेला निळा-काळा रंग बहुधा अर्ध्या तासाच्या आत नाहीसा झालेला असतो. स्टार्च संपला म्हणून एन्झाइम थांबत नाहीत, मोठ्या तुकड्यांवर त्यांचे काम पुढेही चालते. म्हणून पूर्ण तास देतात. तरीही सुरुवातीचे दोन अंश आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतले दोन अंश यांचे वजन सारखे नाही. पहिल्या वीस मिनिटांत तापमान अचूक असेल आणि नंतर ते हळूहळू अंश-दीड अंश घसरले, तर घाबरून आच लावण्यात नुकसानच जास्त. घरगुती मॅशचा अभ्यास शेवटी इथेच येऊन पोहोचतो. सतत हस्तक्षेपापेक्षा अचूक सुरुवात आणि चांगले पांघरूण यांनी तापमान अधिक चांगले टिकते.

६६ अंश नको असलेले जग

हा तास साऱ्या जगाची गरज नाही. तमिळनाडूची जुनी कळ्ळू, म्हणजे ताडी, झाडातून निघते तीच साखर घेऊन. तिथे मोडायला स्टार्चच नाही आणि मॅशही नाही. राज्यात ताडीवर १९८७पासून बंदी आहे, पण नारळी-ताडांच्या किनाऱ्यावर बार्लीची परंपरा का उगवली नाही, हे त्यावरून कळते. झारखंड-ओडिशातली हंडिया तांदळाची असते. शिजवलेल्या भातात रानू नावाच्या गोळ्या कुस्करतात. त्यांतल्या बुरशा स्टार्चची साखर करतात आणि त्याच वेळी यीस्ट तिचे मद्य करते. हे सारे हवेच्या नेहमीच्या उबेत घडते, ६६ अंश कुठेच लागत नाहीत.

ज्वारी, नाचणी आणि तांदूळ मॅशमध्ये घ्यायचे म्हटले तर वेगळीच अडचण येते. बार्लीचा स्टार्च साठीच्या आसपास फुलतो आणि एन्झाइमला मोकळा होतो. या धान्यांचा स्टार्च त्याहून बराच वर, पुष्कळदा सत्तरीच्या पुढे फुलतो, म्हणजे बीटा-अमायलेज जिथे टिकत नाही तिथे. म्हणून ही धान्ये आधी वेगळी शिजवून मग बार्लीच्या मॅशमध्ये मिसळतात. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बिअर मोठ्या प्रमाणावर होते, तिथेही हा पेच वेगळ्या शिजवण्यानेच सुटतो. महाराष्ट्रात ज्वारी-नाचणीचा माल्ट घेऊन काम करू पाहणाऱ्या परवानाधारक ब्रुअरसमोर हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

गरम शहराची अवघड बाजू

चेन्नईचा मॅश सोपा असेल, तर ब्रिटिशांनी ब्रुअऱ्या डोंगरात का नेल्या? एडवर्ड डायरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिमालयात कसौलीला ब्रुअरी काढली. दक्षिणेत १८५७ची कॅसल ब्रुअरी निलगिरीत उभी राहिली. पुढे १९१५मध्ये थॉमस लीशमनने दक्षिणेतल्या पाच छोट्या ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज स्थापन केली, त्या पाचांतली सर्वांत जुनी ही कॅसलच. डोंगरांची ओढ होती ती मॅशनंतरच्या दिवसांसाठी. उकळलेले गोड पाणी वीस अंशांच्या आसपास आणून आठवडाभर तिथेच ठेवले, तरच नेहमीचे यीस्ट स्वच्छ चवीची बिअर देते. लागर प्रकारची बिअर तर दहा-बारा अंश मागते. चेन्नईच्या ३० अंशांत ते यीस्ट भलतेच वास सोडते. यांत्रिक शीतकरण येण्यापूर्वी मद्रासला थंडी किती महाग होती, याची साक्ष मरिनाजवळचे आइस हाउस देते. फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने आणून साठवण्यासाठी १८४२मध्ये ती इमारत बांधली. विवेकानंद १८९७मध्ये तिथे राहिले आणि आता ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आज उष्ण प्रदेशांना एक नवी मदत मिळाली आहे. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांत पिढ्यानपिढ्या जपलेले क्वाइक यीस्ट ३५ अंशांच्या पुढेही चांगले चालते. ते बाजारात आल्यापासून गरम शहरांतल्या ब्रुअरचा शीतकरणाचा खर्च कमी होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

जिथे कायदा मोकळीक देतो, तिथल्या नवख्या ब्रुअरने पैसे कोणत्या क्रमाने खर्चावेत, हेही या सगळ्यावरून ठरते. आधी एक चांगला, तपासलेला थर्मामीटर. मग घट्ट बसणारे झाकण आणि भांड्याला जाड आवरण किंवा पेटी. तिसरी गोष्ट फुकट आहे. शेजारी उकळत्या पाण्याची किटली तयार ठेवायची आणि माल्टचे तापमान दर वेळी मोजून हिशेब नव्याने मांडायचा. पंप आणि नियंत्रक त्यानंतर येतात, तेही एका मॅशमध्ये तापमानाचे अनेक टप्पे घ्यायचे असतील तर. चेन्नईसारख्या हवेत राहणाऱ्याने तर मॅशवरचा खर्च इथेच थांबवून उरलेले पैसे मॅशनंतरच्या थंडाव्यासाठी राखून ठेवावेत.